सुट्या भागांची पाठचिकित्सा

‘मूळ’ हा शब्द आपण साहित्याचे अभ्यासक फार सहजपणे वापरतो. मूळ संहिता, मूळ पाठ, मूळ आवृत्ती असे म्हणताना कोठेतरी एक शुद्ध, अविकृत वस्तू होती आणि पुढच्या काळाने ती मळवली, असे आपण गृहीत धरलेले असते. हस्तलिखितांशी प्रत्यक्ष गाठ पडली की हे गृहीतक डळमळू लागते. हाच प्रश्न, जवळजवळ याच शब्दांत, एका अगदी वेगळ्या क्षेत्रातही गेली काही दशके विचारला जात आहे. ते क्षेत्र म्हणजे १९६० आणि १९७०च्या दशकांतील जपानी मोटारसायकली बाळगणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या आणि त्यांचे सुटे भाग ओळखणाऱ्या मंडळींचे. त्यांचे हात तेलाने काळे असतात आणि त्यांच्यापैकी बहुतेकांनी ‘पाठचिकित्सा’ हा शब्द ऐकलेला नसतो. परंतु एखादा स्क्रू हातात घेऊन ‘हा या गाडीचा आहे का, आणि असल्यास कोणत्या महिन्यातल्या?’ असे ते विचारतात, तेव्हा ते संपादकाचेच काम करत असतात. या कामाचा इतिहास आणि त्यातील एक नैतिक पेच येथे मांडायचा आहे.

आरंभीच एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. ज्यांना आज आपण ‘अस्सल जपानी’ म्हणतो त्या गाड्यांची कुळकथाच मुळात उसनवारीची आहे. सुझुकी हा १९०९ साली सुरू झालेला मागांचा कारखाना. यामाहाचे संस्थापक तोराकुसु यामाहा यांनी १८८७ मध्ये पायपेटीच्या जातीचे वाद्य बनवले. कंपनीच्या चिन्हातील तीन स्वरकाटे आजही त्या उगमाची साक्ष देतात. कावासाकी जहाजे आणि विमाने बांधत असे. यामाहाची पहिली मोटारसायकल, १९५५ सालची वायए-१, ही डीकेडब्ल्यू आरटी १२५ या जर्मन गाडीच्या धर्तीवर बेतलेली होती. महायुद्धानंतर त्याच जर्मन नमुन्यावरून ब्रिटनमध्ये बीएसएची बँटम, अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनची हलकी गाडी आणि सोव्हिएत रशियात ‘मॉस्क्वा’ निघाली. एकाच आदिप्रतीपासून चार देशांत चार शाखा फुटाव्यात, तसा हा प्रकार. कावासाकीच्या डब्ल्यू-१ या गाडीमागे मेगुरो या जपानी कंपनीची गाडी आहे आणि तिच्यामागे बीएसएची ब्रिटिश गाडी. तेव्हा ‘मूळ’ म्हणून जेथवर मागे जावे तेथे आणखी एक मूळ उभे असतेच.

होंडाची सीबी ७५० ही मात्र स्वतंत्र प्रतिभेची गाडी मानली जाते, आणि ते योग्यच आहे. ऑक्टोबर १९६८च्या टोकियो प्रदर्शनात ती लोकांसमोर आली आणि १९६९ मध्ये विक्रीस निघाली. ओळीने चार सिलिंडर, ७३६ घनसेंटिमीटर क्षमता, ६७ अश्वशक्ती, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक, आणि अमेरिकेतील किंमत १,४९५ डॉलर. हे सारे एकत्र, त्या किमतीत आणि नित्य वापराच्या गाडीत यापूर्वी कोणी दिले नव्हते. ब्रिटिश मोटारसायकल उद्योग आधीच खचू लागला होता. या गाडीने त्याचा उतार अधिक तीव्र केला.

एवढी मोठी उडी घेताना होंडाचा हात थोडा आखडला होता. ही गाडी किती खपेल याचा अंदाज कंपनीला नव्हता. म्हणून इंजिनाच्या कवचासाठी, म्हणजे क्रँककेससाठी, दाबाखाली ओतकाम करणारे महागडे साचे प्रथम बनवलेच नाहीत. धातूचे साधे कायमस्वरूपी साचे करून त्यांत ओतकाम केले गेले. अशा इंजिनांच्या ७,४१४ गाड्या निघाल्यावर पद्धत बदलली. आरंभीच्या त्या कवचांचा पृष्ठभाग किंचित खरखरीत दिसतो, म्हणून संग्राहकांनी त्यांना ‘सँडकास्ट’, म्हणजे वाळूच्या साच्यातील, असे नाव दिले. हे नाव चुकीचे आहे. वाळूचा त्या साच्यांशी काही संबंध नव्हता. तरीही जगभरच्या व्यवहारात तेच रूढ झाले असून त्यावरच किमती ठरतात. चुकीच्या व्युत्पत्तीचा शब्द रूढीने शुद्ध ठरावा, हा भाषेतला नेहमीचा अनुभव येथेही येतो.

आता प्रत्यक्ष ओळख कशी पटवली जाते ते पाहू. या क्षेत्रातील आधारग्रंथ म्हणजे कंपनीने छापलेले सुट्या भागांचे पुस्तक. त्यात इंजिनाचा किंवा चाकाचा प्रत्येक भाग सुटा करून, हवेत तरंगत असल्यासारखा, परंतु जोडणीच्या क्रमाने रेखाटलेला असतो. समोरच्या पानावर त्याचे नाव, क्रमांक, किती नग लागतात आणि कोणत्या चेसिस नंबरपासून कोणत्या नंबरपर्यंत तो बसवला गेला, याची नोंद असते. नावे कोशाच्या पद्धतीने उलटी लिहिलेली असतात: आधी ‘गॅस्केट’, मग स्वल्पविराम, मग ‘सिलिंडर हेड’, आधी ‘बोल्ट’, मग त्याचे विशेषण. नाम आधी आणि विशेषण नंतर, अशी ही सूचीची भाषा आहे.

क्रमांकालाही स्वतःचे व्याकरण असते. होंडाच्या त्या काळातील क्रमांकाचे तीन खंड पडतात. पहिले पाच अंक वस्तूचे कार्य सांगतात: १६ने सुरू होणारे कार्ब्युरेटरचे, १८ने सुरू होणारे धूर बाहेर टाकणाऱ्या नळ्यांचे, २२ने क्लचचे, ४५ने ब्रेकचे. ९ने सुरू होणारे बहुतेक क्रमांक नट, बोल्ट, वॉशर, बेअरिंग अशा सर्वसामान्य वस्तूंचे. मधले तीन अंक सांगतात की हा भाग प्रथम कोणत्या गाडीसाठी घडवला गेला. ३०० म्हणजे पहिली सीबी ७५०, ३२३ म्हणजे सीबी ५००. शेवटचा खंड फेरफाराचा. यामाहाची वाक्यरचना याच्या उलट आहे. तेथे गाडीचा संकेत आधी, भागाचा नंतर आणि फेरफाराचे दोन अंक शेवटी. होंडा प्रथम ‘हे काय आहे’ ते सांगते आणि मग ‘कोणाचे आहे’. यामाहा आधी कूळ सांगते आणि मग नाव.

नवख्या माणसाची फसगत नेमकी येथे होते. १९७३ साली आलेल्या यामाहा आरडी ३५०च्या चेसिस नंबरची सुरुवात ३५१ने होते. पण तिच्या कित्येक भागांचे क्रमांक २७८ने सुरू होतात. ‘दुसऱ्या गाडीचा भाग लावला’ असा निष्कर्ष काढण्याची घाई येथे करू नये. २७८ हा आरडीच्या पूर्वसुरीचा, म्हणजे १९७०च्या आर-५ गाडीचा संकेत आहे. जो भाग बदलावा लागला नाही तो जुन्याच क्रमांकाने पुढे चालू राहिला. आपल्या भाषेतील तत्सम शब्दांप्रमाणे तो परका नसून वारशाने आलेला आहे. उलट, एखादा भाग कंपनीने नंतर सुधारला की जुना क्रमांक रद्द होऊन त्याच्या जागी नवा येतो. आज जुना क्रमांक मागितला तर हातात नव्या क्रमांकाची वस्तू पडते. ती बसते, चालते, कदाचित अधिक टिकते. पण १९६९ची नसते. कंपनीनेच केलेला हा पाठबदल असल्यामुळे त्याला प्रक्षेप म्हणता येत नाही, आणि मूळही म्हणता येत नाही.

छापील पुस्तकापलीकडे वस्तूच्या अंगावरील खुणा वाचाव्या लागतात. अगदी सुरुवातीच्या सीबी ७५०च्या चार सायलेन्सरांवर कोणताही क्रमांक नव्हता. पुढे त्यांवर ‘एचएम ३००’ असा ठसा येऊ लागला आणि नंतरच्या गाड्यांवर ‘एचएम ३४१’. पहिल्या गाड्यांत मुठीपासून चार कार्ब्युरेटरांकडे चार स्वतंत्र केबली जात; पुढे चारही एका दांडीने जोडले गेले. तेव्हा आरंभीच्या चेसिस नंबरच्या गाडीवर ‘एचएम ३४१’ दिसले की तेथे नंतरचा हात फिरला आहे हे ओळखावे.

सर्वांत बोलका पुरावा असतो तो स्क्रूचा. जपानी गाड्यांचे अधिक-चिन्हाचे स्क्रू नेहमीच्या फिलिप्स स्क्रूसारखे दिसतात, पण त्यांची खाच जपानी औद्योगिक मानकानुसार किंचित वेगळी असते. फिलिप्सचा स्क्रूड्रायव्हर तिच्यात पूर्ण बसत नाही, जोर दिला की निसटतो आणि खाच कुरतडली जाते. ‘जपानी स्क्रू मऊ असतात’ अशी जी समजूत जगभर पसरली, तिचे बरेचसे श्रेय या चुकीच्या हत्याराला आहे. आट्यांचेही तसेच. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात जपानने आंतरराष्ट्रीय मानक स्वीकारले, तेव्हा ५ मिलिमीटर स्क्रूच्या दोन आट्यांतील अंतर ०.९ वरून ०.८ मिलिमीटर झाले आणि ४ मिलिमीटरच्या स्क्रूचे ०.७५ वरून ०.७ वर आले. फरक डोळ्यांना दिसत नाही, पण बोटांना कळतो: नवा स्क्रू जुन्या भोकात दोन वेढे सहज जातो आणि मग अडतो. तेथे जोर करणारा मिस्त्री भोकाचे आटे कायमचे मारून टाकतो. जुने वाचताना अडखळलो की आपल्या काळाचा पाठ तेथे बळेच बसवायचा, हा प्रकार आपल्यालाही अपरिचित नाही.

आपल्या शास्त्रातील एक जुना नियम या क्षेत्रातही लागू पडतो. दोन पाठांपैकी जो अधिक अवघड, तो अधिक जुना असण्याची शक्यता जास्त; कारण नकलकार अवघड शब्दाच्या जागी सोपा घालतो, सोप्याच्या जागी अवघड सहसा घालत नाही. गाडीवर एखादा विचित्र, कोठेही न मिळणारा, बनवायला कटकटीचा भाग दिसला तर तो मूळचा असण्याचा संभव अधिक. दुरुस्ती करणाऱ्याने बाजारात मिळणारा सोपा भागच लावला असता.

नियमांचा अतिरेकही होतो. जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत ‘नंबर जुळणारी’ असा शब्दप्रयोग हटकून असतो. म्हणजे चेसिस नंबर आणि इंजिन नंबर एकच. यामाहा आरडी ३५०च्या बाबतीत ही कसोटी योग्य आहे. परंतु सीबी ७५० कारखान्यातून निघतानाच हे दोन क्रमांक सहसा जवळपासचे असत, एक नसत. तेथे दोन्ही आकडे तंतोतंत जुळले तर समाधान वाटण्यापेक्षा संशय यायला हवा. एका परंपरेची कसोटी दुसऱ्या परंपरेला लावली की अस्सल वस्तू खोटी ठरते आणि खोट्या वस्तूला प्रमाणपत्र मिळते.

या साऱ्यात एवढे काय अडले आहे, असे कोणी विचारील. पैसा हे एक उत्तर आहे. सीबी ७५०च्या हाताने जोडलेल्या पूर्वनमुन्यांपैकी एक २०१८ साली ब्रिटनमधील लिलावात १,६१,००० पौंडांस गेला. इतकी किंमत आली की खोटे ठसे, खोट्या पट्ट्या आणि नव्याने घडवलेली ‘जुनी’ कवचे येणे ओघानेच आले. पण माझ्या मते खरा पेच याहून खोल आहे, आणि तो वापराचा आहे. हस्तलिखित वाचल्याने झिजते, पण अगदी थोडे. मोटारसायकल चालवली की तिचे साक्षीपण प्रत्येक किलोमीटरला कमी होते. सीबी ७५०च्या सिलिंडरचा व्यास ६१ मिलिमीटर. तो झिजला की लेथवर बोअर करून पाव मिलिमीटर वाढवायचा आणि मोठा दट्ट्या घालायचा. होंडाने यासाठी मापाच्या दट्ट्याला १३१०१, आणि पाव, अर्ध्या, पाऊण व एक मिलिमीटर मोठ्या दट्ट्यांना अनुक्रमे १३१०२ ते १३१०५ असे क्रमांक दिले. म्हणजे दुरुस्तीच्या चार पायऱ्या कंपनीनेच आखून ठेवल्या होत्या. प्रत्येक पायरी गाडीला आयुष्य देते आणि मूळ धातूचा एक थर कायमचा खरवडून काढते. त्या वाटेवरून परत येता येत नाही.

दुसरा पेच अधिक बोचरा. सुरुवातीच्या सीबी ७५०मध्ये मागच्या चाकाची साखळी तुटून ती क्रँककेसला भोक पाडी, असे प्रकार घडले. होंडाने पुढे ते कवच त्या जागी मजबूत केले. अनेक आरंभीच्या गाड्यांना तेव्हाच नवी कवचे बसवली गेली. म्हणजे ज्या भागासाठी आज संग्राहक जीव टाकतो तो ऐतिहासिक दृष्ट्या अस्सल, आणि यांत्रिक दृष्ट्या सदोष. मूळ पाठ हाच चुकीचा पाठ! जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असे, तेही ‘मूळ’च. मग गाडी सुरक्षित करायची की खरी ठेवायची? ग्रंथाच्या संपादकावर असा प्रसंग सहसा येत नाही. चुकीचा पाठ कायम ठेवल्याने कोणाचे हाड मोडत नाही. गाडी सांभाळणाऱ्याला मात्र दर वेळी निवड करावी लागते. होंडाने १९९८ मध्ये मोतेगी येथे उभारलेल्या संग्रहालयातील जुन्या गाड्या चालू स्थितीत राखण्याचे धोरण ठेवले, ही गोष्ट या संदर्भात अर्थपूर्ण आहे. न चालणारी मोटारसायकल ही मोटारसायकलीची प्रतिमा असते, असे त्यामागचे म्हणणे दिसते. ते मला मान्य आहे. पण चालवायची म्हणजे बदलायची, हेही त्याच वेळी मान्य करावे लागते.

या प्रश्नाची एक भारतीय बाजू आहे आणि ती बहुधा दुर्लक्षित राहते. १९८०च्या दशकाच्या मध्यात जपानी कंपन्या भारतीय भागीदारांबरोबर येथे आल्या: टीव्हीएसबरोबर सुझुकी, हिरोबरोबर होंडा, एस्कॉर्ट्सबरोबर यामाहा आणि पुण्याच्या बजाजबरोबर कावासाकी. हिरो होंडा सीबी नव्हे, सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १००, दोन्ही १९८५च्या. आरएक्सचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले, तरी तिची मागणी थांबलेली नाही. पुण्याच्या नाना पेठेत आणि मुंबईच्या कुर्ल्यात सुट्या भागांच्या दुकानांतून आजही तिचे भाग शोधले जातात. मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे ती एस्कॉर्ट्सने १९८३ ते १९८९ या काळात बनवलेली राजदूत ३५०. ती जपानी आरडी ३५०चे रूपांतर होती. जपानी गाडीची शक्ती ३९ अश्वशक्ती. येथे ती आधी सुमारे ३०.५ आणि मग २७वर आणली गेली. जाणकार त्यांना ‘हाय टॉर्क’ आणि ‘लो टॉर्क’ म्हणतात. पेट्रोलचा खर्च आवाक्यात ठेवण्यासाठी ही कपात झाली. पुढचा डिस्क ब्रेक जाऊन ड्रम ब्रेक आला.

आज या गाड्यांचे ‘पुनरुज्जीवन’ होते तेव्हा बहुधा काय घडते? परदेशातून डिस्क ब्रेक येतो, टाकीवरचे राजदूतचे नाव जाऊन यामाहाचे येते, शक्ती वाढवली जाते, आणि मालक अभिमानाने सांगतो की गाडी आता अगदी ‘ओरिजिनल’ झाली. हे ओरिजिनल कोणाचे? ती गाडी त्या रूपात कधीच नव्हती. देवलांच्या ‘झुंझारराव’मधून मराठी नावे काढून ‘ऑथेल्लो’ची घातली तर शेक्सपिअर परत मिळत नाही, देवल मात्र हरवतात. त्या ड्रम ब्रेकमध्ये आणि त्या घटवलेल्या अश्वशक्तीत १९८०च्या दशकातील भारताचा एक तुकडा जपलेला आहे: पेट्रोलची धास्ती, तडजोडीने आलेले तंत्रज्ञान आणि वेगाची पुरती न भागलेली हौस. त्याला अशुद्ध पाठ समजून पुसून टाकणे ही इतिहासाची हानी आहे. सुरक्षिततेसाठी डिस्क ब्रेक लावला तर तो निर्णय समजण्यासारखा आहे. पण मग त्याला सुधारणा म्हणावे, मूळ म्हणू नये. आणि काढलेला ड्रम भंगारात घालू नये.

यातून वाट कोणती? मला वाटते, ती आपल्याच परंपरेत सापडते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि यापुढे कोणी तीत भर घालू नये अशी ताकीद दिली. शुद्धीकरणाचा तो एक मार्ग. दुसरा मार्ग पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत दाखवला. १९१९ साली आरंभलेले आणि १९६६ साली पूर्ण झालेले ते काम. तेथे स्वीकारलेला पाठ वर दिला, पण नाकारलेले पाठही खाली नोंदवून ठेवले. आणि जेथे संपादकाची पुरती खात्री नव्हती तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ ओढली. संपादकाने आपला संशयही छापून ठेवला.

जुन्या गाडीच्या बाबतीत पहिला मार्ग शक्य नाही, कारण ती झिजत राहणार आणि तिच्यात भर पडत राहणार. दुसरा मार्ग मात्र पूर्णपणे शक्य आहे. त्यासाठी एक वही पुरते. कोणत्या दिवशी कोणता भाग काढला, त्यावर कोणता क्रमांक होता, त्याच्या जागी कोणता लावला आणि का. कोणता भाग उद्यमनगरच्या एखाद्या लेथवर नव्याने घडवून घेतला. कोणत्या भागाविषयी खात्री नाही. काढलेला भाग चिठ्ठी बांधून डब्यात. एवढे केले तर गाडी रस्त्यावर धावू शकते आणि तिचा इतिहासही शाबूत राहतो. मूळ ही स्थिती जपता येत नसली तरी बदलांचा हिशेब जपता येतो. अशी वही असलेली, सतरा ठिकाणी दुरुस्त झालेली गाडी ही चकचकीत रंगवलेल्या आणि काहीच न सांगणाऱ्या गाडीपेक्षा अधिक अस्सल मानावी, असे मला वाटते. कारण तिच्यातला प्रत्येक पाठभेद आपली तारीख सांगू शकतो.